निवासी डॉक्टरवर कोणतं काम कधी सोपवायचं: कोकणातल्या पीजी शिक्षकांसाठी

पदव्युत्तर शिक्षणाच्या (पीजीच्या) तिसऱ्या वर्षाचे शेवटचे आठवडे आले की लॉगबुकांचा, म्हणजे रेसिडेंटच्या कामांच्या नोंदवह्यांचा, ढीग टेबलावर येतो आणि आपण एका बैठकीत सह्या उरकतो. हे सगळीकडे चालतं, मोठ्या शहरातही चालतं. पण तिथे त्या सहीच्या मागे रात्री दोन वाजता सीनिअर रेसिडेंट असतो, ऑन कॉल लेक्चरर असतो, जिना उतरला की भूलतज्ज्ञ असतो. कोकणात जुलैमधल्या रात्री घाटात दरड आलेली, मोबाइलची रेंज गेलेली, वरिष्ठ गावाच्या दुसऱ्या टोकाला, आणि कॅज्युअल्टीत जेआर-२, म्हणजे दुसऱ्या वर्षाचा निवासी डॉक्टर, एकटा. त्या वेळी लॉगबुकातली सही खरी होती की उरकलेली, हे कळायला फार वेळ लागत नाही.

म्हणून क्षमताधारित प्रशिक्षण हा कागदी सोपस्कार आहे असं मानणाऱ्यांशी माझं पटत नाही. याचा गाभा एकाच प्रश्नात आहे: या डॉक्टरवर हे काम आज रात्री सोपवता येईल का, आणि ते आपण कशाच्या आधारावर म्हणतो? ज्या मूल्यमापनाने उद्याच्या ड्युटीत काही बदलत नाही, ते केलं काय आणि न केलं काय, सारखंच.

पार्श्वभूमी थोडक्यात. एमबीबीएसला क्षमताधारित अभ्यासक्रम २०१९ पासून लागू झाला, आणि राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने पदव्युत्तर विषयांच्या मार्गदर्शिकाही त्याच पद्धतीने मांडल्या. पदव्युत्तर शिक्षणाचे सध्याचे नियम २०२३ चे आहेत. जगभरात याची भाषा तीन ठिकाणांहून आली. जॉर्ज मिलर यांनी १९९० मध्ये मांडलेला पिरॅमिड: माहीत आहे, कसं करायचं ते माहीत आहे, करून दाखवतो, प्रत्यक्ष कामात करतो. अमेरिकेत १९९९ मध्ये ठरलेल्या सहा मूलभूत क्षमता. आणि नेदरलँड्सचे ओले टेन केट यांनी २००५ मध्ये पुढे आणलेली ‘एंट्रस्टेबल प्रोफेशनल अ‍ॅक्टिव्हिटी’ची, म्हणजे विश्वासाने सोपवता येईल अशा कामाची, ईपीएची कल्पना. आपल्याला सगळ्यात जास्त कामाला येते ती शेवटची. लेखी परीक्षेचे चार पेपर मिलरच्या खालच्या दोन पायऱ्या तपासतात, ऑस्की (करून दाखवायची प्रात्यक्षिक परीक्षा) तिसरी तपासते. चौथी पायरी वॉर्डातच दिसते आणि ती बघायला आपल्यालाच उभं राहावं लागतं.

पुढचं सगळं मेडिसिन विभाग डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे. सर्जरी, बालरोग, स्त्रीरोगवाल्यांनी कामं बदलून घ्यावीत.

पहिलं काम: रजिस्टर उघडा

अभ्यासक्रमाचं पुस्तक बाजूला ठेवा. मागच्या वर्षाचं अ‍ॅडमिशन रजिस्टर, कॅज्युअल्टीचं रजिस्टर आणि रेफरल बुक घेऊन विभागातले दोघे-तिघे एक दुपार बसा. वारंवार येणारं, चुकलं तर जीव जाणारं आणि रात्री एकट्याने करावं लागणारं काय काय आहे ते लिहून काढा. कोकणातल्या बहुतेक रुग्णालयांत यादी साधारण अशी निघेल: पावसाळ्यातला ताप, ज्यात कावीळ आणि कमी लघवी असेल तर लेप्टोस्पायरोसिस (लेप्टो) डोक्यात यायलाच हवा, सर्पदंश, विंचूदंश, छातीत दुखणारा रुग्ण आणि त्याला पुढे पाठवण्याआधीचं थ्रॉम्बोलिसिस (रक्ताची गुठळी विरघळवणारं औषध देणं), पक्षाघात, कीटकनाशक प्यायलेला रुग्ण, साखर वाढून बेशुद्ध झालेला रुग्ण. सिंधुदुर्गात दोडामार्ग-सावंतवाडीच्या बाजूला २०१६ पासून माकडताप दिसतो आहे, तेव्हा तिथल्या यादीत डिसेंबर ते मे या महिन्यांतला ताप वेगळा लिहिलेला बरा.

यादी पंधरा-वीस कामांच्या पुढे जाऊ देऊ नका. साठ कामं लिहिलेली मी पाहिली आहेत. ती फाइल पुन्हा कोणी उघडत नाही.

काम म्हणजे काय, हे मात्र नीट समजून घ्या. ‘इलेक्ट्रोलाइट्सचं ज्ञान’ हे काम नव्हे. ‘संवादकौशल्य’ हेही काम नव्हे, तो माणसाचा गुण झाला. ‘वॉर्डातल्या रुग्णाच्या नातेवाइकांना मृत्यूची बातमी सांगणं आणि पुढची कागदपत्रं पूर्ण करणं’ हे काम आहे. त्याला सुरुवात आहे, शेवट आहे, ते कोणीतरी बघू शकतं आणि ‘आज हे तू कर’ असं सांगता येतं. ही कसोटी प्रत्येक नोंदीला लावा.

रेफर करणं हे कोकणात स्वतंत्र काम म्हणून लिहाच. सिंधुदुर्गातला रुग्ण गोव्यात बांबोळीला, रत्नागिरीचा कोल्हापूरला, रायगडचा मुंबईला जातो. कोणाला पाठवायचं, कोणाला पाठवायचं नाही, पाठवण्याआधी काय करायचं, १०८ मध्ये कोण बसणार, घाटात ऑक्सिजन संपला तर काय, पलीकडच्या डॉक्टरला फोनवर काय सांगायचं, नातेवाइकांना खर्चाचं काय सांगायचं. इतकं सगळं त्यात आहे, आणि ते कोणत्याही पाठ्यपुस्तकात एका जागी सापडत नाही. अनेक जेआर तीन वर्षं रेफरल चिठ्ठ्या लिहितात आणि त्यांच्या एकाही चिठ्ठीवर कोणी चर्चा केलेली नसते.

एक काम पानभर लिहा

यादीतल्या प्रत्येक कामाचं एक पान करा. त्यात असावं: काम नेमकं कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं, त्यात काय येत नाही, कोणतं ज्ञान-कौशल्य-वागणूक लागते, ते कसं बघणार, आणि कोणत्या वर्षाअखेर कोणत्या पायरीवर असायला हवं. नमुना म्हणून सर्पदंश घेऊ.

काम: सर्पदंशाचा संशय असलेल्या प्रौढ रुग्णाचं कॅज्युअल्टीत आल्यापासून पहिल्या सहा तासांचं व्यवस्थापन. व्हेंटिलेटर लावल्यानंतरची काळजी आणि डायलिसिस यात येत नाही. ती वेगळी कामं.

काय लागतं: श्वासमार्ग आधी बघणं. रक्तावर परिणाम करणारं विष आणि मज्जासंस्थेवर परिणाम करणारं विष यांची लक्षणं ओळखणं. वीस मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी स्वतः करणं. प्रतिसर्पविष कधी द्यायचं आणि कधी द्यायचं नाही हे ठरवणं. सुरुवातीचा डोस दहा व्हायल, मुलालाही तेवढाच, कारण साप मुलाला कमी विष टोचत नाही. टेस्ट डोस न देणं. औषध सुरू होण्याआधी अ‍ॅड्रिनॅलिन सिरिंजमध्ये भरून ठेवणं. रिअ‍ॅक्शन आली तर ओळखून लगेच ०.५ मिलिग्रॅम मांडीत स्नायूत देणं. सहा तासांनी चाचणी पुन्हा करणं.

वागणूक: गावठी औषध लावून उशिरा आलेल्या माणसाला न झापणं. हे मी मुद्दाम लिहायला लावते. झापलेला माणूस पुढची माहिती लपवतो, आणि कधी चावलं हीच माहिती इथे सगळ्यात मोलाची असते.

अवघड प्रकार वेगळा नमूद करा. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, दाताची खूण बहुधा दिसत नाही. आजी पहाटे येतात आणि सांगतात, “फाटफटी उठलंय, पोटात दुखूक लागला, डोळे उघडूक जमणा नाय.” जनावर चावलं असं कोणी म्हणतच नाही. इथे पोटदुखीवर पँटोप्राझोल (पित्ताचं औषध) देऊन बसवून ठेवणारा जेआर आणि पापण्या बघून श्वास मोजणारा जेआर यांच्यात जो फरक आहे, तो मार्कांत कधीच दिसत नाही. मण्यारीच्या विषात निओस्टिग्मिन या औषधाचा उपयोग फारसा होत नाही, तेव्हा श्वासनलिकेत ट्यूब टाकायची तयारी लागते. म्हणून या पानावर ‘भूलतज्ज्ञाला कधी बोलवायचं’ ही ओळ ठळक असावी.

असं एक पान लिहायला दोघांना एक संध्याकाळ लागते. सगळी पानं एकदम लिहायला बसू नका. पहिल्या वर्षी पाच करा.

पाच पायऱ्या

प्रत्येक कामासाठी प्रत्येक रेसिडेंटची पायरी ठरते.

१. फक्त बघतो, हात लावत नाही.
२. करतो, पण वरिष्ठ शेजारी उभे असतात.
३. करतो, वरिष्ठ जवळपास असतात, हाक मारली की येतात.
४. एकटा करतो, नंतर कळवतो.
५. ज्युनिअरला शिकवतो, त्याच्यावर देखरेख करतो.

पायरी माणसाची नसते, कामाची असते. एकच मुलगी सर्पदंशात चौथ्या पायरीवर आणि सेंट्रल लाइनमध्ये दुसऱ्या पायरीवर असू शकते, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. तांडेल खलाशाच्या हाती सुकाणू देतो ते आधी उघड्या समुद्रात. बंदराच्या तोंडाशी कधी द्यायचं हे वेगळं ठरतं. ‘जेआर-३ आहे म्हणजे येत असणार’ हे वाक्य विभागातून हद्दपार करा. तसंच ‘हुशार आहे’ हेही.

तिसऱ्या पायरीवर कोकणात खरी कसोटी आहे. ‘हाक मारली की येतात’ म्हणजे किती मिनिटांत? ज्या देशांत ही पायरी लिहिली गेली तिथे वरिष्ठ त्याच इमारतीत असतो. आपल्याकडे क्वार्टर कधी आवारात, कधी गावात, आणि मध्ये पाण्याखाली जाणारा मोरीचा रस्ता. म्हणून मिनिटं लिहा. माझं मत: श्वास, रक्तदाब, फिट यांच्याशी संबंध असलेल्या कामाला दहा मिनिटांच्या आत वरिष्ठ पोचणार नसेल तर तिसरी पायरी नाहीच, त्या रात्री तिथे एकतर चौथ्या पायरीचा रेसिडेंट हवा किंवा वरिष्ठाने रुग्णालयातच झोपावं. फोनवरचा सल्ला आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला ईसीजी ही मदत आहे, देखरेख नाही. रेंज गेली की दोन्ही संपतं. पावसाळ्याच्या चार महिन्यांचं ड्युटी वेळापत्रक उरलेल्या आठ महिन्यांपेक्षा वेगळं का असावं, याचं उत्तर इथे मिळतं.

बघायचं कसं

वेळ नाही ही तक्रार खरी आहे. पण वेगळा वेळ काढायचाच नाही. चालू कामातला तुकडा उचलायचा. तीन साधनं पुरतात.

मिनी-सीईएक्स हे जॉन नॉर्सिनी आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये पुढे आणलं. रेसिडेंट रुग्णाला बघतो, तुम्ही गप्प उभे राहून बघता, पंधरा-वीस मिनिटांत संपतं, मग पाच-दहा मिनिटं बोलता. पूर्ण हिस्ट्री आणि पूर्ण तपासणी बघण्याचा हट्ट धरू नका. आज फक्त हिस्ट्री, परवा फक्त नातेवाइकांशी बोलणं. ओपीडीत सकाळी तिसरा रुग्ण ‘बघायचा’ असं ठरवून टाकलं की ते होतं. ‘जमेल तेव्हा’ म्हटलं की होत नाही.

डॉप्स म्हणजे हाताने करायची कामं बघणं: लंबर पंक्चर, प्लुरल टॅप, इंट्युबेशन. आणि बारीकसारीक वाटणारी कामंही. वीस मिनिटांची चाचणी बघायला मी आवर्जून सांगेन, कारण ती सगळ्यांना ‘येते’ आणि अनेकांची चुकते. जेआरला म्हणा, कर. काय होतं बघा. कोरडी, स्वच्छ काचेची नळी हवी. ट्रेवर प्लॅस्टिकची पडलेली असते, तीच उचलली जाते. प्लॅस्टिकमध्ये गोठण्याची प्रक्रिया नीट सुरूच होत नाही. काचेची असली तरी कोणीतरी साबणाने धुऊन ठेवलेली असते. साबणाने काचेचा तो गुण जातो आणि चांगलं रक्तही पातळ राहतं. मग दोन मिली रक्त घालून नळी स्टँडवर ठेवायची, आणि वीस मिनिटं तिला हात लावायचा नाही. इथे प्रत्येकाचा हात शिवशिवतो: पाच मिनिटांनी उचलून तिरकी करतात, पुन्हा ठेवतात, पुन्हा तिरकी करतात. शेवटी एकदाच कलती करायची असते. वेळ कुठे लिहिली? बहुधा कुठेच नाही, ‘अंदाजे वीस मिनिटं झाली’. या एका नळीवर दहा व्हायलचा निर्णय असतो. हे सगळं बघायला उभं राहण्याची एकूण मिनिटं पाच. मधली पंधरा मिनिटं दुसरा रुग्ण बघा.

केस-बेस्ड डिस्कशन तिसरं. रेसिडेंटनेच हाताळलेल्या रुग्णाचा केसपेपर समोर ठेवायचा आणि विचारायचं: इथे हा निर्णय का घेतलास? दुसरं काय डोक्यात होतं? हे रात्रीच्या कामासाठी उत्तम, कारण रात्री तुम्ही तिथे नव्हता. सकाळच्या राऊंडनंतर एक केसपेपर, दहा मिनिटं. व्हायवा (तोंडी परीक्षा) करू नका. ‘लेप्टोचे सेरोव्हार (जंतूचे उपप्रकार) सांग’ हा प्रश्न इथला नाही. ‘लघवी मोजायला कधी सांगितलंस आणि कोणाला सांगितलंस’ हा इथला.

एकाच कामासाठी एकच निरीक्षण पुरेसं धरू नका. वेगवेगळे रुग्ण, वेगवेगळे बघणारे, त्यातलं निदान एक रात्रीचं किंवा गर्दीच्या वेळचं. मंगळवारी सकाळी शांत ओपीडीत दिसलेला माणूस आणि रुग्णांच्या भरतीच्या दिवशी रात्री दिसणारा माणूस एकच असतो असं नाही.

लिहिणं आणि बोलणं

फॉर्मवर आकडे असतात, एक ते नऊ. त्यांच्यात फार अडकू नका. आपल्याकडे सगळ्यांना सात मिळतात. जो आवडता असतो त्याला आठ. आकड्यापेक्षा उपयोगी प्रश्न कॅनडातल्या ओटावाच्या ओ-स्कोर पद्धतीत आहे, साध्या भाषेत असा: मला स्वतः करावं लागलं का, पावलोपावली सांगावं लागलं का, मधूनमधून आठवण करावी लागली का, नुसतं उभं राहिलो तरी चाललं का, की मी नसतो तरी चाललं असतं? काय घडलं तेवढंच सांगायचं असल्यामुळे भिडस्त शिक्षकालाही याचं उत्तर खरं देता येतं. ‘तू कमी पडतोस’ असं लिहावं लागत नाही.

मग दोन ओळी मजकूर. ‘चांगलं काम. वाचन वाढवा.’ हे कोणाच्याही फॉर्मवर चालेल, म्हणून कोणाच्याच उपयोगाचं नाही. याउलट: ‘श्वासाचा वेग मोजला, पापण्या तपासल्या. प्लॅस्टिक नळी उचलली, सांगितल्यावर बदलली. वेळ केसपेपरवर लिहिली नाही. पुढच्या वेळी ट्रे आधी तपासायचा.’ सहा महिन्यांनी हे वाचणाऱ्या दुसऱ्या शिक्षकालाही चित्र दिसतं.

बोलताना वॉर्डच्या मधोमध, रुग्ण आणि सिस्टरसमोर नको. आणि आधी त्याला बोलू द्या.

“कसं झालं?”
“ठीक झालं, मॅडम.”
“ठीक म्हणजे? पुन्हा केलंस तर काय वेगळं करशील?”
“...नळी आधी बघेन.”
“अजून?”
“वेळ लिहिली नाही.”

झालं. दोन्ही गोष्टी त्यानेच सांगितल्या. तुम्ही फक्त तिसरी घालायची, आणि पुढचं निरीक्षण कधी ते ठरवायचं. आपल्या पिढीला राऊंडमध्ये फाइल फेकून शिकवलं गेलं आणि ‘त्यामुळेच आम्ही घडलो’ असं सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्या ज्युनिअरनी रात्री त्यांना फोन करायचं टाळलं की नाही, हे एकदा विचारावं. क्षमताधारित पद्धतीचा सगळा डोलारा एका सवयीवर उभा आहे: अडलं की रेसिडेंटने वेळेत फोन करणं. ती सवय अपमानाने मोडते.

सिस्टरना विचारा

रेसिडेंट रात्री कसा वागतो हे विभागप्रमुखाला शेवटी कळतं, सिस्टरना पहिल्या आठवड्यात. बोलावल्यावर येतो का, तोंडी ऑर्डर नंतर लिहितो का, मावशींशी कसा बोलतो, चूक झाली तर लपवतो की सांगतो. सहा महिन्यांतून एकदा चार-पाच प्रश्नांचा छोटा फॉर्म सिस्टर, ब्रदर, इंटर्न आणि बरोबरीचे रेसिडेंट यांच्याकडून भरून घ्या.

अडचण अशी की लहान रुग्णालयात गुप्तता राहत नाही. वॉर्डात चारच सिस्टर, अक्षरावरून ओळखता येतं. उपाय: फॉर्म मेट्रनकडे जमा, त्यांनी सगळ्यांचं मिळून एक पान करायचं, आणि निदान दोन वॉर्ड व आयसीयूचे एकत्र केल्याशिवाय रेसिडेंटला द्यायचं नाही. नातेवाइकांकडून फॉर्म भरून घेण्याचा उद्योग मी करणार नाही. बिचारे डॉक्टरांविरुद्ध काही लिहीत नाहीत. त्याऐवजी वॉर्डातून जाताना विचारा, “डॉक्टरांनी काय सांगितलं, समजलं का?” रुग्णाने स्वतःच्या शब्दांत सांगितलेलं उत्तर हाच रेसिडेंटच्या समजावण्याचा निकाल.

तिमाही बैठक

दर तीन महिन्यांनी तीन ते पाच जण बसा. त्यातला एक दुसऱ्या विभागाचा असावा, भूलशास्त्राचा असेल तर उत्तमच. रेसिडेंटचा गाइड असतो, पण अध्यक्ष तो नको. थिसिसमुळे जवळीक झालेली असते आणि गाइडला आपल्या विद्यार्थ्याबद्दल वाईट बोलवत नाही. हा स्वभाव आहे, दोष देण्यात अर्थ नाही.

एका रेसिडेंटला दहा-पंधरा मिनिटं. आधी फॉर्म वाचायचे, मग बोलायचं. उलट क्रम लावला की सगळ्यात ज्येष्ठ माणूस पहिलं वाक्य टाकतो, ‘चांगला मुलगा आहे’, आणि बैठक तिथेच संपते. म्हणून सगळ्यात कनिष्ठ सदस्याने पहिलं बोलायचा नियम करा. प्रत्येक कामापुढे पायरी लिहा: होती तीच, वर, किंवा खाली. पुरेशी निरीक्षणं नसतील तर ‘ठरवता येत नाही’ असं लिहा. हा शिक्षकांवरचा शेरा आहे, रेसिडेंटवरचा नव्हे. नापास न करण्याची आपली सवय बहुधा दयेतून येत नाही, पुराव्याच्या अभावातून येते. लिहिलेलं काहीच नसतं, मग शेवटी सोडून दिलं जातं.

निर्णय दोन दिवसांत रेसिडेंटला समोर बसवून सांगा, प्रत द्या. न पटल्यास आणखी दोन निरीक्षणं वेगळ्या शिक्षकांकडून मागण्याचा हक्क त्याला असू दे.

मग तो निर्णय ड्युटीवर उतरवा. कॅज्युअल्टीच्या आतल्या खोलीत, रुग्णांना दिसणार नाही अशा ठिकाणी एक फळा. डावीकडे आज रात्रीचे रेसिडेंट, वर पाच-सहा महत्त्वाची कामं, चौकटीत पायरी. सिस्टरला कळायला हवं की हा डॉक्टर थ्रॉम्बोलिसिस एकट्याने सुरू करू शकत नाही, आणि तिने “सरांना फोन केला का?” असं विचारलं तर तो उद्धटपणा नसून तिचं काम आहे. सुरुवातीला रेसिडेंटना हा फळा खटकतो. तिसरी पायरी असलेल्याने फोन केला आणि कोणी ओरडलं नाही, असं दोन-चारदा झालं की खटकणं थांबतं.

जिल्हा रुग्णालयातले तीन महिने

जिल्हा निवासी कार्यक्रमानुसार एमडी-एमएसच्या विद्यार्थ्याने तिसऱ्या, चौथ्या किंवा पाचव्या सत्रात तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करायचं असतं, आणि ते समाधानकारक पूर्ण झाल्याशिवाय अंतिम परीक्षेला बसता येत नाही. बऱ्याच ठिकाणी हे तीन महिने जास्तीचे हात म्हणून वापरले जातात: ओपीडी उरका, शिबिराला जा, प्रमाणपत्र घ्या. मुंबई-पुण्याहून कोकणात येणारा रेसिडेंटही ‘सुट्टीच’ म्हणून येतो. दोघांचं एकमत असल्यामुळे कोणी तक्रार करत नाही.

येण्याआधी त्याच्या कॉलेजकडून त्याच्या पायऱ्यांचं पान मागवा. ते नसेल तर पहिले पंधरा दिवस सगळ्या महत्त्वाच्या कामांत दुसरी पायरी धरा, मग तो कितीही नावाजलेल्या कॉलेजचा असो. तिथे त्याने बरीच ट्रान्सप्लांट पाहिली असतील, साप चावलेला रुग्ण कदाचित एकही नाही. जिल्ह्यात जे दिसतं तेच त्याच्या यादीत घाला: प्राथमिक आरोग्य केंद्रातून येणाऱ्या रेफरलला फोनवर सल्ला देणं, लेप्टोचे रुग्ण एकाच गावातून येऊ लागले तर जिल्हा आरोग्य यंत्रणेला कळवणं, मृत्यूचं कारण प्रमाणपत्रावर नीट लिहिणं. आणि विंचूदंश. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाचा वापर दाखवून दिला तो मोठ्या संस्थेत नव्हे, रायगडातल्या छोट्या रुग्णालयांत रात्र-रात्र रुग्णाशेजारी बसून केलेल्या नोंदींतून. घाम, थंड हातपाय, वाढता श्वास यांची तासातासाची नोंद रेसिडेंटकडून करून घ्या. विंचूदंशाचं मूल्यमापन करायला याहून चांगला कागद नाही.

जाताना ‘समाधानकारक’ या शब्दाऐवजी कामांची यादी आणि पायऱ्या लिहून पाठवा.

अडकलेला रेसिडेंट

एखादा पुढे सरकत नाही. आधी कारण शोधा. सलग ड्युट्यांनी झोप उडालेली आहे का, घरी काही आहे का, भाषा कळत नाही का? दुसऱ्या राज्यातून आलेल्या मुलाला मालवणी कळायला वेळ लागतो, आणि हिस्ट्री तोकडी दिसते ती बुद्धीमुळे नव्हे. त्याच्याबरोबर महिनाभर एक स्थानिक इंटर्न लावा. थकव्याचं कारण असेल तर आधी ड्युटी बदला, मग मूल्यमापन करा.

खरोखर कौशल्याची कमतरता असेल तर सहा आठवड्यांचा लेखी बेत: एक किंवा दोनच कामं, आठवड्याला दोन निरीक्षणं, नाव घालून दिलेला एक शिक्षक, आणि शेवटी काय दिसलं तर पायरी वाढेल हे आधीच लिहिलेलं. या काळात पायरी खाली आणली तर ती शिक्षा नाही हे सगळ्यांसमोर स्पष्ट करा आणि त्याच्या स्टायपेंडला, रजेला हात लावू नका. प्रामाणिकपणाचा प्रश्न, म्हणजे न केलेल्या तपासणीची नोंद करणं, हा मात्र या बेतात बसत नाही. तो थेट विभागप्रमुख आणि अधिष्ठात्यांकडे, त्याच दिवशी.

माणसं कमी असतील तर

अलिबाग आणि सिंधुदुर्गचं शासकीय महाविद्यालय २०२१-२२ मध्ये सुरू झालं, रत्नागिरीचं २०२३-२४ मध्ये. नव्या कॉलेजात पीजीच्या जागा येतात तेव्हा विभागात शिक्षक मोजकेच असतात आणि वर सांगितलेलं सगळं एकदम होणार नाही. तेव्हा काय सोडायचं ते ठरवून सोडा. सिस्टरांचे फॉर्म पहिल्या वर्षी सोडा, तोंडी विचारा. ऑस्की सोडा; तिला लागणारी तयारी निरीक्षणांत घाला. आकड्यांचे फॉर्म सोडा, ओटावाचा प्रश्न आणि दोन ओळी पुरेत. तिमाही बैठक चार महिन्यांवर गेली तरी चालेल.

पाच कामांची पानं, आठवड्याला प्रत्येक रेसिडेंटमागे एक निरीक्षण आणि कॅज्युअल्टीतला फळा, एवढं मात्र सोडू नका. निरीक्षण सहायक प्राध्यापकांवर ढकलून प्राध्यापकांनी मोकळं होऊ नये. महिन्यातून एक रात्रीचं निरीक्षण विभागप्रमुखाचं असावं. पाच पानं मार्च-एप्रिलमध्ये लिहून घ्या, मे महिन्यात प्रत्येकाचं सर्पदंश आणि तापाचं पहिलं निरीक्षण उरका, आणि पहिली बैठक मेअखेरीस घ्या. जूनचं ड्युटी वेळापत्रक त्या बैठकीच्या कागदावरून लावा.